विश्लेषण : वादळात मोबाइल बंद पडला, तरी गच्चीवरचा हॅम अँटेना उभा राहील का?

मोबाइल, इंटरनेट आणि वीज एकाच वेळी बंद पडली तरी ज्यांचा आवाज दूरवर पोहोचतो, ते म्हणजे हॅम, अर्थात हौशी रेडिओचालक. मात्र हा आवाज गच्चीवरच्या एका अँटेनावर अवलंबून असतो. ज्या वादळात त्याची सर्वाधिक गरज भासते, तेच वादळ त्याला पाडू शकते. किवळे येथे १७ एप्रिल २०२३ रोजी अवकाळी पावसात जाहिरात फलक कोसळून त्याखाली आसरा घेतलेल्या पाच जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून पिंपरी-चिंचवडमध्ये उंचावर काही उभारायचे म्हटले की शेजाऱ्यांच्या मनात धास्ती असते, आणि ती रास्त आहे. अशा शहरात हॅमचा अँटेना किती उंच असावा, तो कसा उभारावा, त्यासाठी कुणाच्या परवानग्या लागतात आणि त्याची निगा कशी राखावी, याचा हा आढावा.

हॅम रेडिओ म्हणजे काय? त्याची गरज कधी भासते?

केंद्राच्या दूरसंचार विभागातील वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेतलेली व्यक्ती ठरावीक वारंवारतांवर स्वतःचे रेडिओ केंद्र चालवू शकते. वय किमान १२ वर्षे हवे. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत, सामान्य आणि मर्यादित. सामान्य श्रेणीसाठी मोर्स संकेतही यावे लागतात. भारतातील बहुतेक हॅमची ओळखखूण ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. व्यवसायासाठी किंवा जाहिरातीसाठी हा रेडिओ वापरता येत नाही.

एरवी हा छंद असतो, पण आपत्तीत तोच उपयोगी पडतो. २००४ च्या डिसेंबरमध्ये हॅमचा एक गट अंदमानात रेडिओ केंद्र चालवण्यासाठी गेला होता. भारती प्रसाद त्याचे नेतृत्व करत होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि बेटांचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमधील याच केंद्रावरून ‘आमची माणसे सुखरूप आहेत का’ या प्रश्नांची उत्तरे मुख्य भूमीवर पोहोचू लागली. महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही हॅम मदतीला धावले होते.

पुणे जिल्ह्यालाही संपर्क तुटण्याचा अनुभव आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. गाव जागेवर नाही, हे बाहेर कळले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने कोकणाबरोबर मावळ आणि खेड परिसरालाही झोडपले. झाडे पडली, विजेचे खांब वाकले. अशा दिवशी गाडीची बॅटरी, १२ व्होल्टवर चालणारा रेडिओ आणि शाबूत राहिलेला अँटेना एवढ्यावर संपर्क सुरू राहू शकतो. यातील बॅटरी आणि रेडिओ घरात सुरक्षित असतात. उघड्यावर असतो तो अँटेना.

त्यासाठी उंच मनोरा लागतोच का?

बहुतेकांचा समज असा असतो की अँटेना जितका उंच, तितका आवाज दूर जातो. हे निम्मे खरे आहे.

सात मेगाहर्ट्झ ही वारंवारता राज्यांतर्गत संपर्कासाठी सोयीची. तिच्यासाठी लागणारा साधा अँटेना म्हणजे मधोमध केबल जोडलेली सुमारे २० मीटर लांबीची तार. ही तार जमिनीपासून किंवा गच्चीपासून अवघ्या पाच ते दहा मीटरवर बांधली, तर तिच्यातून निघणाऱ्या लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात, आयनांबरावरून परततात आणि भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात छत्रीसारख्या पसरतात. मधले डोंगर त्यांना अडवत नाहीत. निगडीहून लातूर, महाबळेश्वर किंवा रत्नागिरी गाठायचे असेल, तर दिवसा हीच कमी उंचीची तार कामाला येते. तार खूप उंच नेली तर लहरींचा रोख क्षितिजाकडे वळतो. परदेशाशी बोलायला ते उत्तम, पण शेजारच्या जिल्ह्यासाठी उलट गैरसोयीचे.

शहरातल्या शहरात बोलण्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. तिथे उंची नक्कीच महत्त्वाची, कारण या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. सपाट भूभाग गृहीत धरला, तर मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. सात मजली इमारतीची गच्ची २२ मीटरवर धरली तर पल्ला सुमारे १९ किलोमीटर होतो. त्यावर आणखी १० मीटरचा खांब उभारला तर तो २३ किलोमीटर होतो. म्हणजे दहा मीटरचा धोका पत्करून हाती लागले चार किलोमीटर.

याउलट केबल बदलून होणारा फायदा पाहा. ३० मीटर लांबीची पातळ आरजी-५८ केबल वापरली, तर या वारंवारतेवर रेडिओतून निघालेल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा अँटेनापर्यंत पोहोचतो. जाड आरजी-२१३ केबलमध्ये निम्म्याहून थोडी अधिक शक्ती टिकते. खांब तेवढाच ठेवून आवाज दुप्पट झाला. इमारतीच्या जिन्याच्या खोलीवर दीड-दोन मीटरच्या नळीवर बसवलेला, जेमतेम अर्धा मीटर उंचीची उभी कांडी असलेला अँटेना शहरी संपर्काला पुरेसा ठरतो तो यामुळेच.

उपग्रहांसाठी तर मनोऱ्याची गरजच नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘स्वयम्’ हा छोटा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून अवकाशात गेला. हॅमसाठी राखलेल्या वारंवारतेवरून संदेश पोहोचवणे, हेच त्याचे काम होते. असे उपग्रह डोक्यावरून जातात. त्यांचा आवाज गच्चीवर उभे राहून हातात धरलेल्या अँटेनानेही पकडता येतो.

वारा खांबावर किती जोर लावतो?

इमारती व मनोऱ्यांवरील वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५, भाग ३ हे भारतीय मानक आहे. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. रोज असा वारा सुटत नाही. पन्नासेक वर्षांत एखाद्या वेळी येणारा झोत म्हणून तो हिशेबात घेतात. या वेगाला एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ९३ किलो वजनाइतका दाब येतो. वेग निम्मा झाला तर दाब निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे २३ किलोवर येतो. म्हणून ‘गेल्या वर्षी टिकला, यंदाही टिकेल’ हा युक्तिवाद फसवा असतो. गेल्या वर्षीच्या वाऱ्यापेक्षा यंदाचा दीडपट असेल, तर जोर सव्वादोनपट होतो.

एक ढोबळ हिशेब करू. भोसरीतील कुठल्याही दुकानात मिळणारा दोन इंची जीआय पाइप नऊ मीटर उंच उभा केला. ३९ मीटरच्या वाऱ्यात त्या नुसत्या पाइपवर सुमारे ६० किलोचा आडवा जोर येतो. त्याच्या टोकाला अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाचा यागी अँटेना बसवला, तर त्यावर आणखी ५५ किलोच्या आसपास जोर येईल. आकडे जवळपास सारखे दिसतात. मात्र पाइपवरचा जोर सरासरी मध्यावर पडतो आणि अँटेनावरचा थेट शेंड्यावर. म्हणून पायथ्याशी खांब वाकवण्यात एकट्या अँटेनाचा वाटा संपूर्ण पाइपच्या जवळजवळ दुप्पट होतो. या हिशेबात ताण न दिलेला नुसता नऊ मीटरचा दोन इंची पाइपही पायथ्याशी वाकतो. मग अँटेनासह तो टिकण्याची आशाच नको. गच्चीवर वाऱ्याचा वेग जमिनीपेक्षा जास्त असतो, ते तर अजून मोजलेच नाही.

खोडदच्या तबकड्यांतून काय शिकता येते?

चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेल्यावर नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. एवढ्या मोठ्या तबकड्या अखंड पत्र्याच्या केल्या असत्या तर त्यांना वाऱ्यात धरून ठेवण्यासाठी प्रचंड पोलाद लागले असते. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून बसवली. रेडिओलहरींना ती जाळी आरशासारखी वाटते, वारा मात्र तिच्यातून आरपार जातो.

हॅमसाठीही हाच धडा आहे. खांब जाड करत जाण्याआधी वाऱ्याला अडवणारा पृष्ठभाग कमी करावा. भरगच्च यागीऐवजी तारेचा अँटेना चालतो का, ते पाहावे. खांबावर सोसायटीचा झेंडा, दिव्यांची माळ किंवा दिशादर्शक पाटी कधीच लावू नये. फलक कोसळतात ते प्रामुख्याने त्यांच्या सपाट पृष्ठभागामुळे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १७ जणांचे बळी घेणारा फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता.

गच्चीवर खांब कसा उभारतात?

पहिला प्रश्न खांब कशाला बांधायचा हा. गच्चीच्या कठड्याची भिंत अनेकदा एका विटेची असते. तिला क्लॅम्प मारून उभा केलेला खांब पहिल्या मोठ्या वाऱ्यात कठड्यासकट खाली येऊ शकतो. जिन्याच्या खोलीचा किंवा लिफ्टच्या खोलीचा आरसीसी कॉलम हा त्यापेक्षा भरवशाचा आधार. स्लॅबला भोके पाडणे टाळावे. वरचा ब्रिकबॅट कोबा एकदा फुटला की पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचे छत गळते आणि अँटेनाविरुद्धची पहिली तक्रार तिथूनच येते. भोके न पाडता काँक्रीटचे ठोकळे ठेवून वजनावर उभी राहणारी चौकट वापरता येते, पण मग ते वजन स्लॅबला पेलेल का, हे इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरने सांगायला हवे.

तीन-चार मीटरच्या वर गेलेल्या सडपातळ खांबाला ताणतारा हव्यातच. त्या तीन दिशांना, सारख्या कोनात आणि खांबाच्या उंचीच्या साधारण ६० ते ८० टक्के अंतरावर बांधतात. नऊ मीटरच्या खांबासाठी हे अंतर साडेपाच ते सात मीटर होते. गच्ची तेवढी रुंद नसेल, तर तो खांब त्या गच्चीसाठी उंच आहे, असा सरळ अर्थ काढावा. ताणतारा पाण्याच्या टाकीच्या नळाला, सोलर पॅनेलच्या सांगाड्याला किंवा डिशच्या स्टँडला बांधणे ही हमखास दिसणारी चूक.

तारेचे टोक वळवून यू-क्लॅम्प लावताना क्लॅम्पचे खोगीर भार पेलणाऱ्या तारेवर आणि यू आकाराचा बोल्ट मोकळ्या टोकावर यायला हवा. उलटे लावले तर बोल्ट भाराची तार चेचतो आणि ती तिथेच तुटते. टर्नबकल पिळून तार सतारीसारखी ताणायची नसते. अति ताणाने खांब वरून दाबला जातो आणि मधोमध फुगून वाकतो. तारेच्या तुटण्याच्या क्षमतेच्या साधारण दहा टक्के ताण पुरेसा. टर्नबकल वाऱ्याच्या थरथरीने सैल होऊ नये म्हणून त्यातून बारीक तार ओवून ते बांधून टाकावे.

भोसरी आणि चाकण पट्ट्यात फॅब्रिकेशनची कामे करणारे हात भरपूर आहेत आणि हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगही जवळपास होते. त्याचा फायदा घेऊन खांबाच्या पायाशी बिजागरी करून घ्यावी. खांब आडवा करून अँटेना दुरुस्त करता आला, तर वर चढण्याची वेळच येत नाही. मात्र आधी गॅल्व्हनाइज केलेल्या पाइपवर नंतर वेल्डिंग करू नये. वेल्डिंगच्या जागचा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. वेल्डिंग आधी, गॅल्व्हनायझिंग नंतर, हा क्रम पाळावा.

विजेच्या तारा आणि आकाशातील वीज यांचे काय?

हॅम अँटेनाच्या कामातील सर्वांत घातक अपघात खांब उभा करताना किंवा उतरवताना होतात. हातातला लांब पाइप कलंडतो आणि उच्च दाबाच्या तारेला टेकतो. भोसरी एमआयडीसी, तळवडे, चाकण येथे महावितरणच्या उघड्या वाहिन्या अनेक ठिकाणी इमारतींच्या अंगाला लागून गेल्या आहेत. नियम साधा आहे. अँटेना धरून खांबाची पूर्ण लांबी मोजावी. तो कोणत्याही दिशेला आडवा पडला तरी तार त्याच्या दीडपट अंतराच्या बाहेर राहायला हवी. एवढी जागा नसेल तर तिथे खांब उभारू नये. तारेच्या अँटेनासाठी दोरी फेकतानाही हेच लागू. खांब कलंडू लागला आणि तारेकडे जाऊ लागला, तर त्याला धरायला धावू नये. सोडून द्यावा.

आकाशातील विजेचा धोका पुणे परिसरात मुख्यतः एप्रिल-मेच्या वळिवात आणि परतीच्या पावसात असतो. खांब, केबलचे बाहेरचे आवरण आणि इमारतीचा वीजरोधक हे सारे जाड पट्टीने एकमेकांना जोडून एकाच अर्थिंगला न्यावे. रेडिओसाठी वेगळा, इमारतीपासून तुटलेला अर्थिंगचा खड्डा घेतला, तर वीज पडल्यावर दोन खड्ड्यांच्या दाबातील फरक रेडिओतून आणि तो हाताळणाऱ्या माणसातून वाट काढतो. इथली जमीन मुरुमाची, खाली काळा पाषाण. उन्हाळ्यात ती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि विजांचा हंगामही नेमका तेव्हाच असतो. म्हणून एप्रिलमध्ये अर्थिंग तपासून घेणे आणि खड्ड्यात पाणी घालणे आवश्यक.

केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर बसवतात. पण थेट पडलेल्या विजेपुढे त्याची पूर्ण खात्री देता येत नाही. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ढग दाटू लागताच केबल रेडिओतून काढून खिडकीबाहेर ठेवणे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास विजा कडाडत असल्याची सूचना देते. त्याचा उपयोग करावा. पहिला गडगडाट ऐकू आल्यावर केबल काढायला जाणे म्हणजे उशीर झालेला असतो.

परवानग्या कोणाकोणाच्या लागतात?

हॅमचा परवाना रेडिओ चालवण्याचा असतो. गच्चीवर हक्क सांगण्याचा नव्हे. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. घर बदलले तर तोही बदलून घ्यावा लागतो. खांबाची उंची आणि विमानतळापासूनचे अंतर यानुसार रेडिओ वारंवारता वाटपाविषयीच्या स्थायी सल्लागार समितीची, म्हणजे ‘सॅकफा’ची स्थान-मंजुरी लागते की नाही, हे ठरते.

पिंपरी-चिंचवडमध्ये विमानतळाचा मुद्दा गंभीर आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि दिघी, भोसरी, मोशी हा भाग त्या बाजूला येतो. विमानतळाभोवतीच्या उंचीसाठी २०१५ चे नियम आहेत. त्यात उंची समुद्रसपाटीपासून आणि अगदी वरच्या टोकापर्यंत मोजली जाते. इमारतीला मिळालेल्या उंचीत अँटेनाचा खांब आपोआप बसतो, असे समजू नये. देहूरोडचा दारूगोळा साठा आणि दिघीचे लष्करी क्षेत्र यांभोवतीचा ‘रेड झोन’ शहरवासीयांना ठाऊक आहेच. त्या पट्ट्यात नवे काही उभारण्यापूर्वी चौकशी अनिवार्य.

बांधकामाच्या दृष्टीने शहरात महापालिका, औद्योगिक भूखंडावर एमआयडीसी, देहूरोडला कटक मंडळ आणि महापालिका हद्दीबाहेर पीएमआरडीए, अशी वेगवेगळी कार्यालये येतात. चाकणमध्ये भाड्याने घेतलेल्या शेडवर खांब उभारायचा असेल तर जागामालकाचेही लेखी पत्र हवे.

खरी कसोटी सोसायटीत लागते. गच्ची सामायिक असते. सचिवांच्या तोंडी होकारावर उभारलेला खांब पुढची समिती आल्यावर वादात सापडतो. त्यामुळे सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्यावा. त्यात खांबाची उंची, जागा, इंजिनीअरचा दाखला, दरवर्षीची तपासणी, गळती झाल्यास दुरुस्तीची जबाबदारी आणि घर सोडताना खांब काढून गच्ची पूर्ववत करून देण्याची हमी, हे सारे लिहिलेले असावे. खांब पडून कुणाला इजा झाली तर पहिला प्रश्न तो उभारणाऱ्यालाच विचारला जाणार, हे लक्षात घेऊन विम्याचाही विचार व्हावा. प्राधिकरणातील स्वतंत्र बंगल्यांत हे सोपे आहे. वाकड किंवा मोशीच्या उंच संकुलांत सभेने नकार दिला, तर बाल्कनीतला छोटा अँटेना किंवा गाडीवरचा अँटेना हा पर्याय उरतो. गाडी घेऊन मोकळ्या टेकडीच्या माथ्यावर गेले तर तोही बराच दूर पोहोचतो.

शेजाऱ्यांना किरणोत्सर्गाची भीती वाटते, ती खरी का?

हॅमच्या अँटेनातून निघणाऱ्या रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतील रेणू तोडणाऱ्या नसतात. जास्त तीव्रतेला त्या शरीराचा भाग गरम करतात, आणि मर्यादा त्यावरूनच ठरवल्या जातात. मोबाइलच्या मनोऱ्यांसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. मोबाइलचा मनोरा दिवसरात्र चालू असतो. हॅमचा अँटेना मात्र बोलण्याचे बटण दाबलेले असेल तेवढाच वेळ लहरी सोडतो आणि उरलेला वेळ फक्त ऐकतो. तरी एक काळजी घ्यावीच लागते. प्रक्षेपण चालू असताना अँटेनाच्या उघड्या तारेला हात लागला तर भाजते. कपडे वाळत घालायला, पापड-कुरडया उन्हात ठेवायला आणि पतंग उडवायला लोक गच्चीवर येतात. म्हणून तार हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर हवी आणि खाली मराठीत स्पष्ट पाटी हवी.

वर चढायचेच असेल तर काय काळजी घ्यावी?

कंबरेचा पट्टा बांधून खांबावर चढण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. पडताना तो पट्टा पोटावर जबर मार देतो. आयएस ३५२१ या मानकाचा, पूर्ण अंगाला बसणारा हार्नेस आणि दोन दोऱ्या हव्यात. एक दोरी वर अडकवल्याशिवाय खालची सोडायची नाही. गडकिल्ल्यांवर प्रस्तरारोहण करणाऱ्यांना वाटते की त्यांचा कंबर-मांडीचा हार्नेस इथे चालेल, पण खांबावरच्या कामासाठी तो बनवलेला नसतो. एकट्याने कधी चढू नये. खाली हेल्मेट घातलेले किमान एक माणूस असावे आणि खांबाच्या सावलीत कुणी उभे राहू नये. हार्नेसला लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली आणता आले पाहिजे. ‘अग्निशमन दल येईल’ यावर विसंबून चालत नाही. गंजलेल्या, मूळचा हिशेब माहीत नसलेल्या खांबावर मुळीच चढू नये. तो आडवा करून उतरवावा.

देखभाल कधी आणि कशाची?

वर्षातून दोन वेळा, मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. याशिवाय प्रत्येक मोठ्या वादळानंतर खालून दुर्बिणीतून नजर टाकावी.

मेमध्ये ताणतारांचा प्रत्येक क्लॅम्प, टर्नबकल आणि आधाराचा बोल्ट हाताने तपासावा. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर पूर्ण तार बदलावी. खांबाच्या तळाशी पाणी साचत नाही ना, हे पाहावे. पाइप बहुतेक वेळा आतून गंजतो. हातोडीने हलके ठोकल्यावर भरीव आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तो भाग संशयास्पद. कारखान्यांच्या धुरातील आम्ल आणि धूळ यामुळे औद्योगिक पट्ट्यात जस्ताचा थर लवकर झिजतो. म्हणून इथे दोन तपासण्यांमधले अंतर वाढवू नये.

केबलचे जोड हे दुसरे नाजूक ठिकाण. साधी पीव्हीसी चिकटपट्टी एका उन्हाळ्यात ओघळते. स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी खालून वर गुंडाळावी. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकते. अँटेना बसवल्या दिवशीचे एसडब्ल्यूआर मीटरचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. पावसानंतर आकडा वाढला आणि ऊन पडल्यावर उतरला, तर जोडात पाणी शिरले आहे हे वर न चढताच कळते.

जानेवारीत संक्रांतीनंतर तारांत अडकलेला मांजा काढावा. उन्हाळ्यात कावळ्यांची घरटी पाहावीत. औद्योगिक भागात कावळे घरट्यासाठी चक्क बाइंडिंग वायरचे तुकडे आणतात आणि त्यातून अँटेना शॉर्ट होतो. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर काम काही आठवडे पुढे ढकलावे.

चाकण पट्ट्यात आणखी कोणती अडचण येते?

गोंगाटाची, तीही कानाला ऐकू न येणाऱ्या. वेल्डिंग यंत्रे, मोटारींचा वेग नियंत्रित करणारे ड्राइव्ह, इंडक्शन भट्ट्या, स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर हे सारे सात मेगाहर्ट्झच्या आसपास सतत खरखर निर्माण करतात. दूरच्या केंद्राचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. यावर अधिक उंच खांब हा उपाय नव्हे. अँटेना शेडपासून आणि विजेच्या वायरिंगपासून दूर नेणे, केबलवर फेराइटची कडी चढवणे आणि घरातील एकेक उपकरण बंद करून खरखर कुठून येते ते शोधणे, याने अधिक फरक पडतो. बहुतेक वेळा दोषी उपकरण आपल्याच घरात सापडते. वादळात वीज गेली की हा गोंगाट एकदम थांबतो. ज्या क्षणी हॅमची गरज असते, त्याच क्षणी पुणे-चाकण पट्टा रेडिओसाठी सर्वांत शांत होतो. त्या क्षणी तारेचा साधा अँटेना उभा असला, तर शंभर वॉटचा रेडिओही पुरेसा ठरतो.

मग नव्या हॅमने सुरुवात कुठून करावी?

दोन छोट्या अँटेनांपासून. सात मेगाहर्ट्झसाठी सात-आठ मीटरवर बांधलेली एक तार आणि शहरातील संपर्कासाठी जिन्याच्या खोलीवरची एक उभी कांडी. दोन्हींचे वजन किरकोळ, वाऱ्याला अडवणारे क्षेत्र नगण्य आणि दोन्ही दोन माणसे अर्ध्या तासात उतरवू शकतात. मोठ्या वादळाचा इशारा आला तर उंच यागी खाली घ्यावा लागतो. तार मात्र तशीच ठेवता येते, आणि तुटलीच तर पाच मिनिटांत पुन्हा जोडता येते. एक तयार तार, दोरी आणि केबल पिशवीत भरून घरात ठेवावी. गच्चीवरचे सगळे पडले तरी त्या पिशवीतून केंद्र पुन्हा सुरू होते.

हौसेपोटी पुढे मनोरा उभारायचाच झाला, तर तो इंजिनीअरच्या हिशेबाने आणि सभेच्या ठरावाने उभारावा, आणि दर मेमध्ये त्याच्याकडे पाहण्याची तयारी असावी. तेवढी तयारी नसेल, तर कमी उंचीची तार पुरेशी आहे.